उसना पीळ

“हात सोडा,” ताई म्हणाल्या.

मी सोडला नाही. ऐकू आलं होतं, पण ते मला उद्देशून असेल असं वाटलंच नाही. कारण त्या क्षणी ताईंच्या योगवर्गात माझ्याइतकं वळलेलं कुणी नव्हतं. उजवा गुडघा उभा, त्याच्या बाहेरून नेलेला डावा हात, उजवा तळवा माकडहाडाच्या मागे जमिनीत रोवलेला, हनुवटी उजव्या खांद्याच्याही पलीकडे, आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ चक्क समोर असल्यासारखं दिसत होतं. ६ वाजून २२ मिनिटं. सेकंदकाटासुद्धा दिसत होता. गळ्याची एक शीर टरारून उभी राहिलेली, श्वास वरच्या वर चाललेला, पण घड्याळ दिसतंय म्हटल्यावर बाकीच्याची पर्वा कोण करतो? मग त्यांनी माझ्या डाव्या कोपराला नुसतं बोट लावलं. “तुम्हालाच सांगतेय. दोन्ही हात सोडा, छातीवर घ्या, आणि आहात तिथेच राहा.” मी सोडले. आणि ताणलेलं रबर सुटावं तशी गर्रकन मागे आले. घड्याळ गेलं, कोपऱ्यातलं दार गेलं, आणि मी खिडकीच्या जरा अलीकडे येऊन थांबले. “एवढी तुमची,” त्या म्हणाल्या, “पुढची उसनी.” आणि पुढच्या सतरंजीकडे निघून गेल्या.

एवढीशी गोष्ट, पण दिवसभर टोचत राहिली. माझ्या अंगाला वाकणं कधी जमलेलं नाही. पुढे वाकले तर अंगठे अजून वीतभर लांब असतात, मागे वाकायची भीती वाटते, शीर्षासनाचं तर नावच नको. वक्रासन, म्हणजे बसून पाठ मागे वळवायचं हे आसन, तेवढं माझं होतं. चार वर्षं मी ते मिरवलं. आणि माझ्या उजव्या हाताला बसणाऱ्या आजी, वय वर्षं ७४, वळून वळून किती वळतात? शेजारचा काही कुजबुजला तर माणूस जेवढा वळेल तेवढ्याच. त्यातही त्यांची बाजू चुकते. सगळा वर्ग उजवीकडे वळला की त्या डावीकडे, म्हणजे माझ्याकडे तोंड करून. ताई त्यांना कधी काही बोलत नाहीत. उलट एकदा म्हणाल्या होत्या, “आजींचं बघा.” तेव्हा मला तो वयाचा मान वाटला होता.

उसनी हा शब्द लागण्याचं आणखी एक कारण होतं. तीन वर्षांपूर्वी मला उसण भरली होती, आणि तीही योगासनं करताना नव्हे. सकाळी उठून दहा-पंधरा मिनिटांत गाडीत बसले होते. मागच्या सीटवर ठेवलेली पिशवी हवी होती. खाली उतरून दार उघडायचा कंटाळा. बसल्या बसल्या पोक काढून मागे वळले, हात लांब केला, पिशवीचा बंद बोटांत अडकला आणि ओढला. कमरेत उजवीकडे कुणीतरी खिळा ठोकला. ओरडायलाही श्वास मिळेना. उसण म्हणजे काय हे ज्याला भरली त्याला सांगावं लागत नाही. पलंगावर कूस बदलायची तर ओंडका ढकलावा तसं स्वतःला ढकलायचं, शिंक येणार म्हटलं की घाम फुटायचा.

आठ दिवस मी कुणाकडेही वळून पाहिलं नाही.

पुढे कळलं की मी सगळी पापं एकाच वेळी केली होती. मणक्यांमधल्या चकत्या रात्री आडवं झाल्यावर पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते, आणि म्हणूनच उठल्यानंतरचा पहिला तासभर पाठ ताठ असते, वाकण्या-वळण्याचा ताण चकत्यांवर जास्त येतो. त्या चकतीच्या बाहेरच्या थरांतले तंतू तिरके असतात, एका थरातले डावीकडे झुकलेले तर पुढच्यातले उजवीकडे. आपण वळलो की निम्मे तंतू ताणले जातात आणि निम्मे सैल पडतात, म्हणजे सगळा भार निम्म्यांवर. त्यात पोक काढलेलं असेल तर मागच्या बाजूचे तंतू आधीच ओढलेले. त्यात हाताच्या टोकाला वजन. वळण एकटं फारसं घात करत नाही. वाकणं, वळणं आणि ओझं हे तिघं एकत्र आले की गडबड होते. माझ्या पिशवीत दोन पुस्तकं आणि पाण्याची बाटली होती, इतकंच.

तर त्या दिवशी घरी येऊन मी हिशेब मांडला. कमरेचे मणके ५, छातीमागचे १२, मानेचे ७. वळताना आपल्याला वाटतं कंबर वळतेय, बोलतोही आपण तसंच. प्रत्यक्षात कमरेच्या मणक्यांमधले सांधे टेबलाच्या खणाच्या रुळांसारखे बसवलेले असतात. खण पुढे-मागे सरकतो तसं कंबर पुढे-मागे वाकते, पण खण फिरवायला गेलं की रुळाला घासून अडतो. प्रत्येक मणक्याला एकदोन अंश, पाचही मिळून एका बाजूला पाच ते दहा अंश. संपलं. खरं वळण छातीमागच्या बारांचं, ते ३५ अंशांच्या आसपास, आणि तेही बरगड्यांना सोबत घेऊन. मान मात्र दिलदार, ती एकटी ८० अंशांपर्यंत जाते, आणि त्यातलं निम्मं कवटीखालच्या पहिल्या दोन मणक्यांमध्येच उरकतं. वर डोळे कोपऱ्यात नेले की आणखी ४०-४५. बेरीज करून पाहा. धडाचे ४५, मानेचे ८०, डोळ्यांचे ४५. पाठीमागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसायला पाठीने फारसं काही करायलाच नको. चार वर्षं मी ज्याला पाठीचं कौतुक समजत होते ते बहुतेक मानेचं आणि बुबुळांचं होतं. उरलेलं हाताचं. मागे नेलेला खांदा फऱ्यासकट बरगड्यांवरच सरकतो, पुढचा पुढे घसरतो, आणि आरशात बघणाऱ्याला वाटतं छाती वळली.

सदऱ्याची बटणं खोटं बोलत नाहीत. वरून तिसरं बटण छातीच्या हाडावर येतं. ते कुठे बघतंय ते बघायचं. माझं बटण त्या दिवशी उभ्या गुडघ्याच्या जेमतेम बाहेर पोचलं होतं.

मग मला बाबा आठवले. लहानपणी गाडीत मी मागे बसायचे, आणि सगळा प्रवासभर त्यांची नुसती मान आणि कान दिसायचे. चेहरा दिसायचा तो गाडी मागे घेतानाच. डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकायचे, आधी जरा उंच व्हायचे, मग छातीपासून सबंध वळायचे आणि माझ्या डोक्यावरून मागच्या काचेतून बघायचे. माझ्याकडे बघत नसायचे, पण चेहरा पूर्ण समोर यायचा. दाढीची खुंटं, कपाळावरची आडवी रेघ, ओठ किंचित आवळलेले. त्या दहा सेकंदांची मी वाट बघायचे. पुढे केव्हातरी ते आरशात बघून गाडी मागे घ्यायला लागले. कधीपासून, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, त्यांच्याही नसावं. आता हाक मारली तर ते आधी पावलं फिरवतात, मग अख्खं अंग कपाटासारखं फिरतं. पाठीचं वळणं वयाबरोबर कमी होतं हे पुस्तकी सत्य झालं. पण थोडं आपणही ते सोडून देतो, हे मला त्या कपाटासारख्या फिरण्यात दिसलं. आणि आता तर सोडून द्यायची सोयच फार. खुर्ची स्वतः फिरते. गाडीला मागे कॅमेरा असतो. एका दिवशी ऑफिसात मी मुद्दाम मोजायला बसले की मी पाठ वळवून कितीदा मागे बघते. संध्याकाळपर्यंत एकदाही नाही. दर वेळी टाचेने जमिनीला रेटा दिला आणि चाकं वळली.

ताईंना पुढच्या आठवड्यात विचारलं, मग हाताचं काम काय? त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, “ओली चादर पिळलीये कधी?” पिळलीये की. आईबरोबर, कितीतरी वेळा. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. थंडगार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं आणि मी कंटाळून दोन पावलं पुढे सरकायचे. की चादर मधेच लोंबायची, एका जागी वेटोळं व्हायचं, गाठ बसल्यासारखी, आणि त्या गाठीच्या अलीकडची-पलीकडची चादर ओली ती ओलीच. आई म्हणायची, “ताण आधी. ताण धरल्याशिवाय पीळ बसत नाही.” मागे सरकलं, चादर सरळ ताणली, की पीळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा चढत जायचा. हे मला माहीत होतं. हातांना माहीत होतं. पाठीला कुणी सांगितलं नव्हतं. पोक काढलेली पाठ हाताने ओढून वळवली की तिलाही एकाच जागी वेटोळं पडतं, आणि ती जागा बहुधा कमरेच्या वरच्या टोकाला किंवा मानेच्या मुळाशी असते.

(चादरीवरून आठवलं. या आसनात यकृत-मूत्रपिंडं पिळून निघतात आणि शरीरातली विषं बाहेर पडतात, असं फार ठिकाणी सांगतात. ते अवयव आपलं काम आपण वळलो नाही तरी करतात, आणि वळलो म्हणून जास्त करत नाहीत. नंतर पोट हलकं वाटतं, पाठ मोकळी वाटते, तेवढं मला पुरतं. आणि वळताना मणक्यात होणारा तो समाधानाचा ‘कट्’ आवाज! तो काही मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या पातळ द्रवात वायूची पोकळी होते, तिचा असतो. दुखत नसेल तर होऊ द्यावा, पण तो काढण्यासाठी पिरगळू नये. मी पिरगळायचे.)

आता मी बसते तीच मुळात दोनदा घडी घातलेल्या चादरीच्या काठावर. माझ्या मांड्यांच्या मागच्या शिरा आखूड. पाय पसरून जमिनीवर बसलं की त्या शिरा बैठकीच्या हाडांना पुढे ओढतात, कमरेचा कटोरा, म्हणजे ओटीपोटाभोवतीची हाडं, मागे कलंडतो आणि वळायच्या आधीच पाठ बाकते. म्हणजे गाडीतली मी, पिशवीशिवाय. थोडी उंची मिळाली की बैठकीची दोन हाडं टोचायला लागतात. टोचली की समजायचं, सरळ बसलोय. डावा पाय लांब, उजवा गुडघा उभा, उजवं पाऊल डाव्या गुडघ्याच्या शेजारी. डाव्या हाताने त्या गुडघ्याला नुसती मिठी, कोपर पलीकडे नेऊन अडकवणं बंद. उजवा तळवा मागे, पण बुडाजवळ. लांब ठेवला की त्याच्यावर रेलायला होतं. त्याचा उपयोग टेकूचा, पाठ कोसळू नये म्हणून.

श्वास घेताना वळायचं नाहीच. फक्त उंच व्हायचं. काखेपासून कमरेपर्यंत सदऱ्याला पडलेल्या चुण्या निघाल्या पाहिजेत, बस. मग श्वास सोडताना बेंबीच्या आसपासचं पोट आत जातं, त्याच्या वरच्या बरगड्या फिरायला लागतात, आणि तिसरं बटण गुडघ्याकडून खिडकीकडे निघतं. अर्ध्यात श्वास संपतो. पुन्हा घेतला की पीळ केसभर सुटतो. आधी मी त्या सुटण्याशी भांडायचे, हाताने धरून ठेवायचे. आता सुटू देते. छाती भरायला जागा लागणारच. एका बाजूच्या बरगड्या उघडतात, दुसऱ्या बाजूच्या दार लावून बसल्यासारख्या जागच्या हलत नाहीत, आणि त्या बंद दारामागून श्वास हळूच आत शिरतो तो स्पर्श मला चार वर्षांत पहिल्यांदा कळला. पुढच्या उच्छ्वासाला बटण आणखी थोडं. असे चार-पाच श्वास. मान सगळ्यात शेवटी, तीही वाटली तर. मग ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने तितक्याच सावकाश परत, मधे क्षणभर थांबून दुसरी बाजू. परत येताना घाई करणारे पुष्कळ. मीही त्यातलीच होते, कारण आसन ‘संपलेलं’ असायचं.

दुसऱ्या दिवशी दुखलं ते भलत्याच ठिकाणी. उजवीकडे वळताना कामाला लागतात ते पोटाचे तिरके स्नायू, उजव्या कुशीतला आतला आणि डाव्या कुशीतला बाहेरचा, जोडीने. हाताने ओढत होते तोवर त्या जोडीला सुट्टी होती. चार वर्षांनी त्यांना कामावर बोलावलं, तर दोघंही कुरकुरले. माझा भाचा जिममध्ये पाय उचलून बसतो, हातात वजनाची चकती घेऊन झपझप इकडून तिकडे करतो, आणि त्याला वाटतं की याने कमरेचा घेर जाणार. मी त्याच्या छातीकडे बघत बसले. चकती फिरत होती, दंड फिरत होते, छाती समोरच्या समोर. पाठ मात्र धनुष्यासारखी बाकलेली. मी म्हटलं, “आधी चकती खाली ठेव, हात छातीवर घे आणि करून दाखव.” दोन वेळा केलं आणि म्हणाला, “मावशी, हे अवघड आहे.”

एका गोष्टीवर मात्र माझं ताईंशी अजून पटत नाही. आधीच्या वर्गातल्या सरांनी शिकवलं होतं की बूड जमिनीला खिळल्यासारखं ठेवायचं, दोन्ही बैठकीची हाडं इंचभर हलता कामा नयेत. ताईंचंही तेच मत. मला वाटतं, तो कटोरा किंचित फिरू द्यावा. तो आणि पाठीचा तळ यांना जोडणारा सांधा जेमतेम दोन-तीन अंश हलतो. कटोरा खिळून ठेवून वरून हाताने जोर लावला तर तो जोर कुणीतरी सोसणार, आणि माझ्याकडे तो सोसणारी जागा बरोबर बोट ठेवून दाखवता येते, कमरेच्या खळगीच्या खाली उजवीकडे. कधी कधी तिथे महिनोन् महिने ठसठसायचं. बूड सुट्टं सोडल्यापासून नाही. पण खुर्चीवर बसून करणाऱ्यांना मी हे सांगत नाही. खुर्चीवर आडवं बसून पाठीच्या फळीकडे वळताना दोन गुडघे शेजारी शेजारी असणं हीच एक खूण हाताशी असते. एक गुडघा पुढे सरकला की कळतं, आता पाठ वळत नाही, खुब्यावर फिरतोय आपण. तिथे ताई म्हणतात तेच ठीक.

खुर्चीवाले आमच्या वर्गात तिघं आहेत. एकांची हाडं ठिसूळ झालीत, त्यांना पूर्ण टोकाचं वळण, विशेषतः वाकून वळणं, वर्ज्य. त्या उंच बसून जेमतेम पाव वळण घेतात आणि हात मांडीवर ठेवतात. दुसरी पोटुशी आहे. ती पोटासमोर मोकळी जागा ठेवून, फक्त खांद्यांपासून वळते. तिसऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय. ते डॉक्टर हो म्हणेपर्यंत नुसते बसून श्वास घेतात आणि आमच्याकडे बघतात. चौथे एक गृहस्थ होते, त्यांना वळलं की नितंबापासून पोटरीपर्यंत मुंग्यांची रेघ जायची. ते ती ‘ताण’ म्हणून सोसत होते. ताण जिथे पडतो तिथेच राहतो. पायातून खाली धावत जातं ते वेगळं, तिथे लगेच थांबायचं आणि दाखवायचं. ताईंनी त्यांना त्याच दिवशी थांबवलं. ते रागावून गेले, पण दाखवायला गेले. सध्या येत नाहीत.

या आसनाचा मूळ अवतार मत्स्येंद्रनाथांच्या नावाचा. हठप्रदीपिकेत त्याचं वर्णन आहे, एक पाऊल दुसऱ्या मांडीच्या मुळाशी, दुसरं गुडघ्याच्या बाहेर, आणि मग वळायचं. आमचं वक्रासन म्हणजे त्याचं फार साधं भावंड. नावात मासा आहे म्हणून मी एकदा मत्स्यालयासमोर बराच वेळ उभी राहिले होते. मासा डावी-उजवीकडे लवतो, सुळकन फिरतो, पण असा पीळ काही घेत नाही. त्याला मागे बघायचं असलं की तो अख्खा फिरतो. बाबांसारखा.

गेल्या सोमवारी ताईंनी सगळ्यांनाच हात सोडायला लावले. छातीवर फुली करून दोन तळवे दोन खांद्यांवर. उंच झाले, श्वास सोडला, बटण निघालं. दुसऱ्या श्वासाला गुडघा ओलांडला. तिसऱ्याला खिडकीची कड आली असती, पण या वेळी मी मान पुढे धाडली नव्हती, ती बटणाच्या मागोमाग येत होती. त्यामुळे खिडकीच्या अलीकडेच थांबले, आणि समोर आजी. नेहमीप्रमाणे उलट्या बाजूला वळलेल्या, दोन्ही हात छातीवर, चष्मा नाकावर घसरलेला, पाठ काठीसारखी सरळ. चार वर्षं मी त्यांच्यावरून नजर फिरवत घड्याळाकडे जात होते. अशा समोरासमोर आम्ही कधी आलोच नव्हतो. दोन श्वास एकमेकींकडे बघत बसलो. मग आजी पुढे झुकून, ताईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने कुजबुजल्या, “अहो, तुम्ही चुकीच्या बाजूला वळलात.”